किल्ले, तळी आणि दोन चाके

आगगाडीतून प्रवास करणाऱ्याला स्थानके दिसतात, मोटारीतून जाणाऱ्याला मैलाचे दगड दिसतात आणि विमानातून जाणाऱ्याला केवळ ढग दिसतात. पायी चालणाऱ्याला सारेच दिसते. परंतु त्याची मजल लवकर संपते. ह्या सर्वांच्या मधले एक साधन आहे, आणि ते म्हणजे साधी सायकल. प्रदेश मोजता येईल इतका तिचा वेग आहे, आणि प्रदेश नजरेतून निसटणार नाही इतका तिचा संथपणा आहे. चढ किती कठीण आहे हे ती गुडघ्यांना सांगते; उतार कोठे संपतो हे ब्रेक धरणाऱ्या बोटांना सांगते. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली मोहीम प्रत्यक्षात किती डोंगर चढली आणि किती नद्या उतरली, हे समजून घ्यावयाचे असेल तर सायकलीसारखा शिक्षक नाही.

फ्रान्समधील लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. सेंट-एतिएन ह्या गावातील पॉल द व्हिव्ही ह्या गृहस्थाने १८८७ मध्ये सायकलस्वारांसाठी एक नियतकालिक सुरू केले. शर्यत जिंकण्यासाठी नव्हे तर देश पाहण्यासाठी सायकल चालवावी, आणि चढ सुसह्य व्हावा म्हणून सायकलीला एकाहून अधिक गिअर असावेत, असा त्याचा आग्रह होता. त्या काळी गिअर म्हणजे दुर्बळांची सोय, असे मानले जाई. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यतीने तर १९३७ पर्यंत साखळी चक्रावरून चक्रावर नेणाऱ्या यंत्राला परवानगीच दिली नव्हती. पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातल्या काही तरुणांनी जुन्या, जाड धावांच्या सायकली डोंगरावर नेऊन खडकाळ वाटांनी खाली पिटाळण्यास प्रारंभ केला, आणि त्यातून आजची डोंगरी सायकल जन्मास आली. व्हिव्हीचे गिअर आणि त्या तरुणांच्या जाड धावा एकत्र आल्या, तेव्हा पक्का रस्ता नसलेला प्रदेशही सायकलस्वाराला मोकळा झाला.

आज फ्रान्समध्ये सरोवरांच्या काठाने आणि जुन्या किल्ल्यांच्या सावलीतून असे प्रवास करणारे हजारो लोक आढळतात. सॅव्हॉय प्रांतातील आनसी सरोवराचेच उदाहरण घ्या. त्याच्या पश्चिम काठाने, बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागेवरून, सायकलींचा मार्ग गेला आहे. एका टोकाला आनसीचा किल्ला, समोरच्या डोंगरावर मांतोंचा किल्ला, तर द्वेंग येथे पाण्यात घुसलेल्या भूशिरावर तिसरा. चित्रासारखा देखावा! परंतु तेथून जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल की हा सारा प्रांत फ्रान्सचा कायमचा झाला तो १८६० मध्येच? ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात साह्य केल्याची किंमत म्हणून तो सार्डिनियाच्या राजाने फ्रान्सच्या बादशहाच्या पदरात टाकला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्याला तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

आपल्याकडे असा प्रवास करावयाचा तर कोठे करावा? माझे उत्तर आहे, तेरेखोलपासून मयेपर्यंत. गोमंतकाच्या उत्तर सीमेवरचा पेडणे महाल आणि त्याच्या आग्नेयेचा दिवचली महाल, ह्या दोन महालांत किल्ले आहेत, तळी आहेत, सौम्य टेकड्या आहेत आणि पाऊस सरला की दृष्टीला थंडावा देणारी भातखाचरे आहेत. सायकल येथे परकी नाही. पहाटे भोंगा वाजवीत पाव विकणारा पोदेर ह्या वाटा तिच्यावरूनच तुडवीत आला. घाटापलीकडे बेळगावात १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या भावी उद्योगाचा श्रीगणेशा केला तोही सायकलींच्या दुकानानेच. तेव्हा साधन परिचित आहे आणि प्रदेशही जवळचा आहे. पाहण्याची दृष्टी मात्र थोडी बदलावी लागेल.

तेरेखोलच्या किल्ल्यावरून प्रारंभ करू. सह्याद्रीत मनोहरगडाच्या बाजूस उगम पावणारी, वरच्या भागात बांद्याची नदी म्हणून ओळखली जाणारी तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावरील टेकडीवर जांभ्या दगडाचा हा आटोपशीर किल्ला उभा आहे. खाली खाडी, समोर केरीचा वाळूचा पट्टा, पश्चिमेस अथांग समुद्र. जागा कोणी आणि कशासाठी निवडली हे विचारावे लागत नाही. नदीत शिरणारे प्रत्येक गलबत किल्ल्याच्या नजरेखालून जाते. सतराव्या शतकात वाडीच्या सावंतांनी हा किल्ला बांधला तो ह्याचसाठी.

परंतु नकाशा उघडला की एक कोडे पडते. तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर सीमा. मग गोव्याचे हे एकच गाव नदीच्या उत्तरेस कसे? जमिनीवरून ह्या गावाचा शेजार आहे तो महाराष्ट्राचा, म्हणजे रेडी आणि आरोंद्याचा. गोव्याच्या बाजूने यावयाचे तर केरीहून नदी पार करावी लागते. निसर्गाने आखलेली रेषा एवढी स्पष्ट असता राजकारणाने ती येथेच का ओलांडली? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात ह्या साऱ्या मुलखाचा इतिहास साठवला आहे.

१७३९ हे साल मराठी माणसाला चिमाजी अप्पांच्या वसईविजयामुळे ठाऊक आहे. त्याच वर्षी वाडीकर सावंतांनी बार्देश महालात मुसंडी मारली आणि गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेला घाम फोडला. तह होऊन प्रकरण मिटले, तरी तो धसका पोर्तुगीज दरबार विसरला नाही. १७४४ मध्ये काउंट ऑफ आसुमार हा व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला. हा पूर्वी ब्राझीलमधील सोन्याच्या खाणींच्या प्रांताचा कारभार करून आलेला करडा पुरुष. ५ मे १७४६ रोजी त्याने शापोरा नदीच्या काठचा हळर्णचा किल्ला घेतला. त्याच मोहिमेत दिवचली आणि साखळी गेली. २३ नोव्हेंबर १७४६ रोजी तेरेखोल पडले, आणि त्याच सुमारास शेजारची रेडीही.

५ मे आणि २३ नोव्हेंबर ह्या दोन तारखांमध्ये काय आहे, हे सायकलस्वाराच्या तत्काळ लक्षात येते. त्या दोहोंमध्ये कोकणचा पावसाळा आहे. हळर्ण आणि तेरेखोल ह्यांत सरळ रेषेत अंतर आहे ते अवघे वीसेक किलोमीटरांचे. आजचा सायकलस्वार ते एका दुपारी तोडील. परंतु जून लागला की ह्या तांबड्या मातीचा राडा होतो, ओढ्यांच्या नद्या होतात आणि समुद्र बंद होतो. ज्याने तेरेखोल समुद्राकडून घ्यावयाचे ठरविले होते त्याला दर्या शांत होईपर्यंत थांबणे भाग होते. राजे आणि व्हाइसरॉय आज्ञा सोडीत. त्या आज्ञा अमलात केव्हा यावयाच्या हे मात्र पर्जन्यराजा ठरवी.

किल्ला घेतल्यावर विजेत्यांनी तो सोडला नाही, कारण नदीच्या तोंडाशी ज्याची तोफ, त्याची नदी. नदीच्या उत्तरेचे ते एवढेसे गाव म्हणूनच त्यांच्या राज्याला चिकटून राहिले. तेरेखोलच्या कोड्याचे उत्तर हे असे आहे. सीमा नदीप्रमाणे आखली गेली नाही. ती तोफेच्या माऱ्याप्रमाणे आखली गेली.

आता सायकल फेरीबोटीत चढवून आपण केरीला उतरू. उजव्या हाताला समुद्र ठेवून दक्षिणेस निघालो की हरमल येते. येथे एक लहानसे आश्चर्य आहे. पुळणीला लागून, टेकडीच्या पायथ्याशी, खाऱ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे. डोंगरातून झिरपणारा ओढा वाळूच्या बांधाआड साठतो आणि हे तळे तयार होते. किनाऱ्याने ये-जा करणाऱ्या गलबतांना पिण्याचे पाणी ही दारूगोळ्याइतकीच महत्त्वाची वस्तू होती, हे आठवले म्हणजे असल्या जागांचे मोल उमगते.

हरमलहून आत वळून पेडणे गाठावे. गावात भगवतीचे देऊळ आहे, त्याच्यासमोर दगडी हत्ती आहेत. देशप्रभू घराण्याचा प्रशस्त वाडा आहे. ह्या घराण्याला पोर्तुगिजांनी ‘पेडण्याचे व्हायकाउंट’ असा किताब दिला होता. मराठी देशकाला पोर्तुगीज किताब! हे दोन शब्द एका माणसाच्या नावापुढे कसे आले, हे पाहण्यासाठी आपल्याला १७८८ मध्ये जावे लागते.

हळर्ण, दिवचली आणि साखळी हे मुलूख १७४६ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले खरे. पण १७६१ मध्ये ते सावंतांना परत मिळाले. १७८१ मध्ये दिवचली पोर्तुगिजांनी पुन्हा घेतली. पाठोपाठ सत्तरी गेली. त्या वेळी वाडीच्या गादीवर तिसरे खेम सावंत होते आणि कोल्हापूरकरांशी त्यांचे हाडवैर जुंपले होते. कोल्हापूरच्या फौजा दाराशी आल्या तेव्हा सावंतांनी पोर्तुगिजांकडे कुमक मागितली. कुमकेची किंमत ठरली, ती पेडणे महाल. १७८८ मध्ये ती किंमत चुकती झाली. गोव्याच्या इतिहासात ज्यांना ‘नव्या काबिजादी’ म्हणतात त्यांत उत्तरेकडची ही भर पडली ती लढाईने नव्हे, तर कागदावरच्या सहीने.

आता आनसी सरोवराची आठवण करा. युद्धातील मदतीच्या मोबदल्यात एक राजा दुसऱ्याला प्रांत देऊन टाकतो, हा व्यवहार सॅव्हॉयमध्ये १८६० साली झाला आणि पेडण्यात त्याआधी बहात्तर वर्षे झाला. फरक इतकाच की सॅव्हॉयमधील प्रजेकडून निदान मतदान घेण्यात आले. ते मतदान कितपत निर्भेळ होते ह्याबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत, आणि त्या अस्थानी नाहीत. तरी ‘तुम्हांला काय हवे?’ असा प्रश्न विचारल्याचा देखावा तरी करावा लागला. पेडण्याच्या शेतकऱ्याला, केरीच्या तरीवाल्याला, हरमलच्या रापणकाराला कोणी काही विचारले नाही. सकाळी तो सावंतांची प्रजा म्हणून शेतावर गेला असेल, आणि पुढे केव्हातरी सारा कोणाकडे भरावयाचा हे त्याला दवंडीने कळले असेल.

दिवचलीच्या माणसाची अवस्था तर याहून चमत्कारिक. १७४६ मध्ये दहा वर्षांचा असलेला एखादा मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. दहाव्या वर्षी त्याने पोर्तुगीज निशाण पाहिले, पंचविसाव्या वर्षी सावंतांचे पाहिले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पोर्तुगिजांचे. तो आपले घर, आपले शेत, आपले देऊळ सोडून कोठे गेला नव्हता. देश मात्र तीन वेळा त्याच्या अंगणातून येऊन गेला.

एका गोष्टीची नोंद न्यायबुद्धीने केली पाहिजे. बार्देश, तिसवाडी आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात जे देवळांचे भंजन झाले, त्याची पुनरावृत्ती ह्या नव्या महालांत झाली नाही. अठराव्या शतकाचे वारे वेगळे होते, आणि नव्या प्रजेच्या धर्मात व रीतिरिवाजांत हात घालणार नाही, असे वचन पोर्तुगीज सत्तेने दिले होते. त्यामुळे पेडणे-दिवचलीची देवळे टिकली, जत्रा टिकल्या, देवळांतली कीर्तने टिकली आणि त्यांच्या आश्रयाने मराठीही टिकली. सत्ता बदलली तरी पोथी बदलली नाही.

पेडण्याहून पूर्वेस निघालो की जांभ्याचे सडे लागतात. डोंगरी सायकलीचा खरा कस येथे लागतो. सड्यावर सावली नसते. वाट चाळणीसारख्या खडबडीत दगडावरून जाते. मग एकाएकी उतार लागतो आणि काजू, फणस, माड ह्यांच्या गर्दीतून आपण नदीकाठी येऊन पोहोचतो. ह्याच सड्यांपैकी मोपाच्या सड्यावर २०२३ मध्ये विमानतळ सुरू झाला. जेथे गुराख्याच्या पाव्याखेरीज आवाज नव्हता तेथे आता विमाने उतरतात. काळाचा ओघ कोणाला थोपवता येत नाही. पण विमानातून उतरणाऱ्याला आपण कोणत्या भूमीवर पाय ठेवतो आहोत, हे कोणीतरी सांगावयास हवे.

शापोरा नदीच्या काठी झाडीत दडलेला हळर्णचा किल्ला पाहताना मन थोडे विस्मित होते. आकाराने हा किल्ला सामान्य, देखाव्यात तेरेखोलच्या पासंगालाही न पुरणारा. परंतु ह्याच्या नावाचे भाग्य पाहा. तो जिंकल्याबद्दल आसुमारला १७४८ मध्ये ‘मार्क्विस ऑफ आलोर्ना’, म्हणजे हळर्णचा मार्क्विस, हा किताब मिळाला आणि पेडण्यातील एका खेड्याचे नाव लिस्बनच्या राजदरबारात गाजू लागले. पण त्या घराण्याला ते नाव फार काळ सुखाचे गेले नाही. पोर्तुगालच्या राजावर १७५८ मध्ये झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणात आसुमारच्या सुनेचे आईबाप, म्हणजे तावोरा घराण्याचे मार्क्विस आणि मार्कीझ, १७५९ मध्ये देहान्त शिक्षेस पात्र ठरले. हे तावोरा आसुमारच्याच मागून गोव्याचे व्हाइसरॉय होऊन गेलेले. आसुमारचा पुत्र तुरुंगात पडला. त्याची सून आपल्या मुलींसह मठात अडकवली गेली. त्या मुलींपैकी लिओनोर आठ वर्षांची असताना मठात गेली आणि बाहेर आली ती १७७७ मध्ये. भिंतींआड ती वाचीत राहिली, कविता करीत राहिली, आणि पुढे ‘मार्कीझ द आलोर्ना’ ह्या नावाने पोर्तुगीज साहित्यातील एक श्रेष्ठ कवयित्री म्हणून मान्यता पावली.

शापोऱ्याच्या काठावर राहणाऱ्या कोणाही स्त्रीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, की आपल्या गावाचे नाव दूरदेशी एका कवयित्रीने धारण केले आहे. आणि त्या कवयित्रीलाही हे गाव कधी दिसले नाही. आजोबांनी जिंकलेल्या एका किल्ल्याचे नाव नातीच्या वाट्याला आले, आणि तिचे बालपण मात्र दुसऱ्या एका तटबंदीआड गेले. इतिहास कधीकधी असा हिशेब करतो की त्यापुढे नाटककाराने लेखणी खाली ठेवावी.

हळर्णहून नदीपलीकडे उतरून, बार्देशची कड धरून, अस्नोडा आणि मुळगावच्या बाजूने आपण दिवचलीत शिरतो. जुन्या कागदपत्रांत ह्या भागाला भतग्राम म्हणत. येथून थोडी वाट वाकडी करून नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. कदंब राजांचे हे दैवत मूळचे मांडवीतल्या दिवाडी बेटावरचे. पोर्तुगिजांनी ते देऊळ मोडले तेव्हा भाविकांनी देव नदी ओलांडून नार्व्याला आणला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख देवळात आहे. अलीकडे पुन्हा दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये हे देऊळ नव्याने खुले झाले. मधे नदीचे पाणी, त्याच्या एका काठावर मोडलेले देऊळ आणि दुसऱ्या काठावर उभारलेले. सीमारेषा म्हणजे काय, हे ह्याहून स्पष्ट कोण सांगणार?

आणि मग मये. चहूबाजूंनी टेकड्या, त्यांच्या कुशीत शांत तळे, काठावर सुपारीच्या आणि नारळीच्या बागा. दमून आलेल्या सायकलस्वाराने येथे झाडाला सायकल टेकवून निवांत बसावे. परंतु ह्या निवांतपणाखाली एक अशांत प्रश्न कित्येक वर्षे धुमसत होता. मये गावावर पोर्तुगीज राजवटीत ‘मयेचे काउंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्याची मालकी होती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, घराणे पोर्तुगालला निघून गेले, आणि त्याची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी देखरेखीखाली आली. देश स्वतंत्र झाला; पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आणि राहते घर मयेकरांच्या नावावर झाले नाही. २०१४ मध्ये गोवा विधानसभेने असल्या जुन्या मालक्या आणि किताबांवरील हक्क रद्द करणारा कायदा केला, आणि त्यानंतर रहिवाशांना सनदा मिळण्याची वाट मोकळी झाली. १७४६ च्या आणि १७८१ च्या मोहिमांची शेपटी अशी एकविसाव्या शतकापर्यंत वळवळत राहिली होती.

दिवचलीच्या परिसरात आणखी एका प्रकारची तळी आहेत. ती कोणत्याही राजाने खोदविली नाहीत आणि निसर्गानेही घडविली नाहीत. लोहखनिजासाठी डोंगर उकरून झालेल्या प्रचंड खड्ड्यांत पाणी साठून ती झाली आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून येथील खनिज बोटींत भरून मांडवीच्या मुखाकडे जाऊ लागले. गावांना पैसा मिळाला. विहिरी आटल्या, शेतांत तांबडा गाळ शिरला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या आणि २०२४ पासून काही ठिकाणी फिरून सुरू झाल्या. हरमलचे तळे ओढ्याने दिले, मयेचे तळे टेकड्यांनी जपले आणि ही तिसरी तळी लोभाने मागे ठेवली. सायकलस्वाराला तिन्ही एकाच प्रवासात दिसतात. त्यांतली कोणती पुढच्या पिढीला पिण्यासाठी उपयोगी पडतील, हा प्रश्न त्याने बरोबर घेऊन जावे.

असो. आता चाके पुन्हा तेरेखोलकडे वळवू. कारण त्या किल्ल्याचा उत्तरार्ध सांगावयाचा राहिला आहे. १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह हा पहिला गोमंतकीय गृहस्थ गोव्याच्या सर्वोच्च अधिकारपदावर बसला. गोऱ्या सेनाधिकाऱ्यांना ते रुचले नाही. तीन आठवड्यांच्या आत त्यांनी त्याला पदच्युत केले. तेरेखोलच्या शिबंदीने त्याची बाजू धरली, आणि तिची निर्दयपणे कत्तल झाली. सावंतांपासून गोवा राखण्यासाठी घेतलेला किल्ला गोवेकरांच्याच रक्ताने भिजला.

ह्यानंतर एकशेएकोणीस वर्षांनी ह्या किल्ल्याकडे एक वेगळीच फौज चालून आली. तिच्याजवळ तोफ नव्हती, तलवार नव्हती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो ह्यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींची एक लहानशी तुकडी तेरेखोलात शिरली आणि तिने किल्ल्यावर तिरंगा फडकविला. आसुमारने जी जागा घेण्यासाठी आरमार आणि पावसाळ्याचा अंत ह्यांची वाट पाहिली, ती ह्या नि:शस्त्र माणसांनी ऐन श्रावणात पायी येऊन घेतली. दुसऱ्याच दिवशी ते पकडले गेले आणि तुरुंगात पडले हे खरे. पण नेत्याचे नाव लक्षात घ्या. गोव्याचा लढा हा हिंदू-ख्रिस्ती झगडा आहे असे भासविणाऱ्यांना ते एक नावच पुरेसे उत्तर होते.

पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही सीमेवर लोटले. पेडणे महालातच पत्रादेवी येथे गोळीबार झाला आणि अनेक जण धारातीर्थी पडले. तेथे आज त्यांचे स्मारक आहे. तेरेखोलवरही गोळ्या सुटल्या, आणि पनवेलचे हिरवे गुरुजी हुतात्मा झाले. एक शाळामास्तर, हातात शस्त्र नाही, आणि समोर जांभ्याचा तट! त्या तटाने दोनशे वर्षांत अनेक शत्रू पाहिले होते. असा शत्रू मात्र पाहिला नव्हता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

आणि मग तो प्रश्न, जो १७८८ मध्ये कोणी विचारला नव्हता, तो अखेर विचारला गेला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांचे मत घेण्यात आले, ते महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, ह्यावर. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने. पेडणे आणि दिवचली ह्या भागांचा कल विलीनीकरणाकडे होता. निकाल त्यांच्या कलाविरुद्ध लागला. ज्यांना तो आवडला नाही त्यांनीही तो मानला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. ह्या निकालावर येथे वाद घालण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावयाचे की, हरलेल्या मतदाराचाही आवाज ज्यात मोजला गेला, तो ह्या मुलखाच्या भवितव्याविषयीचा पहिलाच निर्णय होता. तह, किताब, सनदा आणि तोफा ह्यांच्या दीर्घ इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे.

श्रोतेहो, तेरेखोलच्या किल्ल्यात मुक्तीनंतर प्रवाशांसाठी हॉटेल थाटले गेले. तेथील सज्जातून सूर्यास्त फार सुंदर दिसतो, आणि तो पाहावयास येणाऱ्यांविषयी कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. आनसीचा आणि मांतोंचा किल्लाही आज पाहुण्यांसाठी उघडा आहे. वास्तू वापरात राहिली तर टिकते. परंतु वापर वेगळा आणि विस्मरण वेगळे. सूर्यास्त पाहणाऱ्याला हे ठाऊक असावे की आपण ज्या तटावर हात टेकला आहे त्याच तटाशी १८३५ मध्ये शिबंदी कापली गेली, १९५४ मध्ये तिरंगा चढला आणि १९५५ मध्ये एक शिक्षक पडला. हे त्याला सांगण्याचे काम सरकारी फलकाचे आहे, शाळेतील गुरुजींचे आहे आणि थोडे आपलेही आहे.

म्हणून आपल्या तरुणांना माझे सांगणे आहे. पावसाळा सरून भाते पिवळी होऊ लागली की एकदा सायकली बाहेर काढा. हरमलला तहान भागवा, पेडण्यास देवीला नमस्कार करा, हळर्णच्या झाडीत घटकाभर बसा, नार्व्याचा शिलालेख वाचा, मयेच्या काठी दमलेले पाय सोडून बसा. परतताना केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभे राहाल तेव्हा नदीपलीकडे किल्ला दिसेल. मधे नदीचे एवढेसे पाणी. नावाडी तुम्हांला काही मिनिटांत पलीकडे नेईल आणि कोणी तुमचा परवाना विचारणार नाही. हे पाणी असे मोकळेपणाने ओलांडता यावे म्हणून किती माणसांनी काय मोजले, ते त्या काही मिनिटांत आठवा.